चाकाआधीची गाडी

कोकणात आणि गोव्यात जिथे पोफळीच्या बागा आहेत, तिथल्या मुलांचा एक जुना खेळ आहे. पोफळीची सुकलेली झावळी खाली पडली की तिच्या बुडाशी असलेल्या रुंद, चिवट विरीवर एकाने बसायचे आणि दुसऱ्याने झावळीचे टोक धरून त्याला अंगणभर ओढत न्यायचे. या गाडीला चाक नाही, आस नाही आणि एकही हलणारा भाग नाही. ओल्या गवतावर ती झकास पळते, पण कोरड्या मातीत ओढणाऱ्याला घाम फुटतो. भातशेतीतही अशीच एक बिनचाकाची वस्तू असते. चिखलणी झाल्यावर खाचर सपाट करण्यासाठी बैलांमागे फळी फिरवतात आणि वजनासाठी तिच्यावर माणूस उभा राहतो. तीही जमिनीवरून घसरतच पुढे जाते.

याच कल्पनेची गाडी बर्फाळ प्रदेशांत माणसाने हजारो वर्षे वापरली. तिला आपण घसरगाडी म्हणतो. शिक्षकांच्या शिबिरांत घर्षणाचा विषय निघाला की आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : बर्फावर घसरगाडी इतक्या सहज का घसरते? उत्तरही हमखास येते. गाडीच्या वजनाचा दाब पडला की बर्फाचा द्रवणांक खाली येतो, थोडा बर्फ वितळतो आणि त्या पाण्याच्या थरावरून गाडी घसरते. शंभरहून अधिक वर्षे हे उत्तर पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. ते बरोबर आहे का, हे तपासायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. घसरगाडीचा इतिहास आणि थोडा गुणाकार-भागाकार एवढ्यावर काम भागते. या लेखात आपण तेच करून पाहू.

चाकाच्या किती आधी?

वाहतुकीच्या धड्यात चाकाचा शोध हा पहिला टप्पा असतो. प्रत्यक्षात चाक बऱ्याच उशिरा आले. चाकांच्या गाड्यांचे सर्वात जुने पुरावे साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे आहेत. घसरगाडी त्याहून कितीतरी जुनी. फिनलंडमध्ये हेइनोला येथे सापडलेली गाडीखालची लाकडी पट्टी सुमारे १० हजार वर्षांपूर्वीची आहे. सायबेरियाच्या उत्तरेला समुद्रात झोखोव नावाचे एक बेट आहे. तिथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत घसरगाड्यांचे भाग आणि कुत्र्यांची हाडे मिळाली आहेत. त्यांपैकी एका कुत्र्याच्या जनुकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आज ग्रीनलंडमध्ये गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांशी त्याचे जवळचे नाते असल्याचे त्यातून दिसले. म्हणजे गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची परंपराही चाकाहून जुनी आहे.

चाक आल्यावर घसरगाडी लगेच नाहीशी झाली, असेही नाही. इराकमधील ऊर या प्राचीन शहराचे उत्खनन लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात केले. तिथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राणी पुआबीच्या थडग्यात, नक्षीकाम केलेली घसरगाडी सापडली. शेजारच्याच थडग्यात मात्र चाकांच्या गाड्या होत्या. नॉर्वेत ओसेबर्ग येथे इ. स. ८३४ मध्ये पुरलेले जहाज १९०४ मध्ये उकरून काढले, तेव्हा त्यात चाकांची एक गाडी आणि चार घसरगाड्या मिळाल्या. तीन गाड्या कोरीव कामाच्या होत्या आणि एक साधी, रोजच्या कामाची.

दोन्ही प्रकारच्या गाड्या शेजारी शेजारी राहिल्या याचे कारण सोपे आहे. चाकाला टणक रस्ता लागतो. चाक जमिनीला अगदी थोड्या जागेवर टेकते, म्हणून तेवढ्या जागेवर दाब जास्त पडतो. भुसभुशीत बर्फात ते रुतते. पावसाळ्यात बैलगाडीचे चाक चिखलात कसे रुतते हे आपल्याला ठाऊकच आहे. घसरगाडीचे वजन तिच्या तळाशी असलेल्या दोन लांब पट्ट्यांवर पसरते. यांना आपण घसरपट्ट्या म्हणू. जिथे जमीन मऊ आहे पण घर्षण कमी आहे, तिथे चाकापेक्षा घसरपट्टी सरस ठरते. चाक पुढारलेले आणि घसरगाडी मागासलेली, असा क्रम लावणे त्यामुळे बरोबर नाही. गाडी कशी असावी हे तिच्याखालची जमीन ठरवते.

वाळूवर ओतलेले पाणी

घसरगाडी फक्त बर्फाच्या प्रदेशातच वापरली गेली असे नाही. इजिप्तमध्ये चाक माहीत झाल्यानंतरही मोठमोठे दगड आणि पुतळे घसरगाड्यांवरूनच नेले जात. देइर एल-बेर्शा येथे जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे आहे. ते इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमाराचे. त्याच्या भिंतीवरील चित्रात सुमारे सात मीटर उंचीचा बसलेला पुतळा घसरगाडीवर बांधलेला आहे आणि चार रांगांत १७२ माणसे तो ओढत आहेत. पुतळ्याचे वजन ५८ टन असावे असा अंदाज आहे. गाडीच्या पुढच्या टोकाशी एक माणूस उभा आहे आणि तो भांड्यातून जमिनीवर पाणी ओततो आहे.

हे पाणी ओतणे म्हणजे काहीतरी धार्मिक विधी असावा, असे अनेक अभ्यासक मानत. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातील डॅनियल बॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत एक छोटी घसरगाडी वाळूवर ओढून पाहिली. कोरड्या वाळूत गाडीपुढे वाळूचा ढीग साचतो आणि गाडी त्याला अडते. वाळूत अगदी थोडे, वजनाच्या काही टक्के एवढेच पाणी मिसळले की कणांच्या मध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात, कण एकमेकांना धरून राहतात आणि वाळू घट्ट होते. पुढे ढीग साचत नाही आणि ओढायला लागणारे बल जवळजवळ निम्मे होते. पाणी आणखी वाढवले तर मात्र हे पूल मोडतात आणि घर्षण पुन्हा वाढते.

बल निम्मे म्हणजे ओढणारी माणसे निम्मी. चित्रातला पाणी ओतणारा माणूस एकटाच असला तरी तो कित्येक माणसांचे काम वाचवत होता. यात पाण्याने वंगणाचे काम केले नव्हते, वाळू घट्ट करण्याचे काम केले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. घसरगाडी सहज चालली की तिच्याखाली पाण्याचे वंगण असणारच, असे आधीच धरून चालता येत नाही.

हाडांच्या गाड्या, माशांच्या पट्ट्या

आता बर्फाकडे वळू. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात झाडे नाहीत. लाकूड मिळायचे ते समुद्रातून वाहत आलेले, तेही काही ठिकाणीच. ग्रीनलंडच्या वायव्येला राहणाऱ्या इनुइट लोकांची १८१८ मध्ये जॉन रॉस यांच्या मोहिमेशी गाठ पडली, तेव्हा त्यांच्या गाड्या हाडांचे तुकडे चामड्याच्या वाद्यांनी एकत्र बांधून केलेल्या होत्या. कॅनडाच्या उत्तरेकडील नेत्सिलिक इनुइट तर गोठवलेल्या माशांपासून घसरपट्ट्या करत. मासे ओल्या कातड्यात गुंडाळायचे, लांब वळकटी करून ती थंडीत गोठू द्यायची, की झाली लाकडासारखी टणक पट्टी. उन्हाळ्याच्या तोंडावर ती वितळली की मासे खाता येत.

पण खरे कौशल्य पट्टीच्या खालच्या बाजूवर केलेल्या कामात होते. कुजलेल्या शेवाळाच्या मातीचा ओला लगदा करून तो पट्टीच्या तळाला लावत. तो गोठला की घासून गुळगुळीत करत. मग तोंडात धरलेले पाणी त्यावर फवारून केसाळ कातड्याच्या तुकड्याने ते पटकन पसरवत. पाणी क्षणात गोठे आणि पट्टीला काचेसारखा बर्फाचा मुलामा बसे. प्रवासात मुलामा उडाला की पुन्हा पाणी फवारायचे. फार थंडीत उघड्या धातूच्या पट्टीपेक्षा बर्फ चढवलेली पट्टी कितीतरी हलकी चालते, हे या लोकांना पक्के ठाऊक होते.

नॉर्वेचे रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात दोन हिवाळे नेत्सिलिक लोकांच्या शेजारी राहिले. कातड्याचे सैल कपडे, कुत्र्यांच्या गाड्या हाकणे आणि पट्ट्यांवर बर्फ चढवणे या गोष्टी ते त्यांच्याकडून शिकले. याचे महत्त्व पुढे कळेल.

पुस्तकातले उत्तर आणि साधा हिशोब

दाबाने बर्फाचा द्रवणांक खाली येतो, ही गोष्ट खरी आहे. जेम्स टॉमसन यांनी १८४९ मध्ये ती गणिताने दाखवली आणि त्यांचे बंधू विल्यम टॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५० मध्ये प्रयोगाने पडताळली. बर्फाच्या लादीवर वजने बांधलेली तार टाकली की ती लादीतून हळूहळू खाली उतरते आणि वर बर्फ पुन्हा सांधला जातो, हा प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. १८८६ मध्ये डब्लिनच्या जॉन जोली यांनी याच तत्त्वावर बर्फावरील स्केटिंगचे स्पष्टीकरण दिले. पुढे ते घसरगाडीलाही लावले गेले.

आता हिशोब करू. बर्फाचा द्रवणांक १ अंश सेल्सिअसने खाली आणायला वातावरणाच्या सुमारे १३० पट दाब लागतो. समजा, सामानासह गाडीचे वजन ३५० किलो आहे. तिच्या दोन घसरपट्ट्या प्रत्येकी ३ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद आहेत. दोन्हींचे मिळून क्षेत्रफळ ६,००० चौरस सेंटीमीटर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर भार सुमारे ०.०६ किलो. वातावरणाचा दाब चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो असतो. गाडीचा दाब त्याच्या सोळाव्या भागाएवढाच झाला. त्याने द्रवणांक किती खाली येईल? एका अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाने!

कोणी म्हणेल, पट्टी बर्फाला सगळीकडे कुठे टेकते? ती उंचवट्यांवरच टेकते, म्हणून दाब जास्त असणार. शंका योग्य आहे. पट्टीचा हजारावा भागच टेकतो असे धरले तरी द्रवणांक अर्ध्या अंशाच्या आसपासच खाली येतो. घसरगाड्या तर उणे २०, उणे ३० अंशांतही चालतात. शिवाय आणखी एक अडचण आहे. उणे २२ अंशांच्या खाली दाब कितीही वाढवला तरी साध्या बर्फाचे पाणी होतच नाही, त्याचे वेगळ्या रचनेच्या बर्फात रूपांतर होते. तेव्हा दाबाचे स्पष्टीकरण शून्य अंशाच्या अगदी जवळ थोडेफार लागू पडेल, त्यापलीकडे नाही. तारेच्या प्रयोगात बर्फ शून्य अंशाला असतो आणि तार बारीक असते, म्हणून तिथे ते जमते.

हा हिशोब त्या काळीही करता आला असता. तरी उत्तर टिकून राहिले. कदाचित ते ऐकायला सुबक वाटते म्हणून.

१९११ चा हिवाळा

याच सुमारास काही माणसे हा प्रश्न स्वतःच्या अंगावर झेलत होती. रॉबर्ट स्कॉट यांच्या अंटार्क्टिका मोहिमेतील एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे २७ जून १९११ रोजी दोन घसरगाड्या घेऊन निघाले. सम्राट पेंग्विन ऐन हिवाळ्यात अंडी घालतात. ती अंडी अभ्यासासाठी आणायची होती. जाण्याचे अंतर सुमारे १०८ किलोमीटर, दोन्ही गाड्यांचे मिळून वजन ३४० किलोंच्या पुढे आणि ओढायला ते तिघेच.

ध्रुवीय रात्रीच्या अंधारात तापमान उणे ५० च्याही खाली गेले. एकदा ते उणे ६०.८ अंश नोंदले गेले. अशा थंडीत गाड्या घसरेनात. बर्फाचे कण पट्ट्यांखाली वाळूसारखे करकरू लागले. दोन्ही गाड्या एकदम ओढणे अशक्य झाले. मग एक गाडी थोडी पुढे न्यायची, मागे यायचे, दुसरी गाडी आणायची. एक किलोमीटर पुढे सरकायला तीन किलोमीटर चालावे लागे. पाच आठवड्यांनी ते तीन अंडी घेऊन परतले.

त्यानंतर सात महिन्यांनी हीच गोष्ट जिवावर बेतली. आमुंडसेन यांची पाच जणांची तुकडी १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचली. त्यांच्या गाड्या कुत्रे ओढत होते. ओलाव ब्याऊलान या सहकाऱ्याने हिवाळाभर रंधा मारून त्या गाड्यांचे वजन निम्म्याहूनही कमी केले होते. निघताना ५२ कुत्रे होते आणि परतले ११. बाकीच्या बहुतेकांना वाटेत मारून माणसांच्या आणि उरलेल्या कुत्र्यांच्या खाण्यासाठी वापरले गेले. ही किंमतही सांगितली पाहिजे. स्कॉट आणि त्यांचे चार सहकारी स्वतः गाडी ओढत १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचले. विल्सन आणि बॉवर्स त्यांत होते. परतीच्या वाटेवर पाचही जण मरण पावले. शेवटच्या तिघांचा तंबू पुढच्या अन्नसाठ्यापासून सुमारे १८ किलोमीटरवर होता.

या मृत्यूंना एकच कारण नव्हते. अपुरे अन्न, कमी पडलेले इंधन, हिमदंश, उशीर ही सगळी कारणे होतीच. पण स्कॉट यांच्या रोजनिशीत शेवटच्या आठवड्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. वाट सपाट आहे, तरी गाडी वाळूवरून ओढावी तशी जड चालते. वातावरणशास्त्रज्ञ सुसान सॉलोमन यांनी त्या भागातील स्वयंचलित हवामान केंद्रांच्या अनेक वर्षांच्या नोंदी स्कॉट यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि २००१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. १९१२ चा मार्च तिथल्या नेहमीच्या मार्चपेक्षा बराच थंड होता, असे त्यांना आढळले. किमान तापमान दिवसेंदिवस उणे ३५ ते उणे ४० अंशांच्या आसपास राहिले. अशा थंडीत घर्षण वाढते, रोजची मजल घटते, अन्न संपते आणि शक्ती कमी झाली की मजल आणखी घटते.

या गाडीवर सुमारे १६ किलो वजनाचे दगड होते. ते त्यांनी फेब्रुवारीत बिअर्डमोर हिमनदीच्या कडेला गोळा केले होते आणि शेवटपर्यंत टाकले नाहीत. हे ओझे टाकले असते तर ते वाचले असते, असे काही जण म्हणतात. इथेही हिशोब करून पाहू. समजा गाडीवर २०० किलो भार आहे. १६ किलो कमी केले तर ओढण्याचे बल ८ टक्क्यांनी कमी होईल. पण थंडीने घर्षणांक दुप्पट झाला तर तीच गाडी ४०० किलोंची असल्यासारखी लागेल. दगडांपेक्षा पट्टीखालचा बर्फ कितीतरी जड होता.

आणि ते दगड काय होते? त्यांत ग्लॉसोप्टेरिस या २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. ए. सी. सीवर्ड यांनी १९१४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. याच ग्लॉसोप्टेरिसचे जीवाश्म आपल्याकडे नागपूरजवळच्या कामठी परिसरातील खडकांत मिळतात. स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी नागपूर भागातून गोळा केलेल्या जीवाश्म वनस्पतींचे वर्णन १८६१ मध्येच छापले गेले होते. अंटार्क्टिका आणि भारत एके काळी गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते, या विचाराला बळ देणाऱ्या पुराव्यांत त्या घसरगाडीवरच्या दगडांचीही भर पडली. विदर्भातल्या शिक्षकांनी हे जरूर सांगावे.

उष्णता येते कुठून?

दाबाने पाणी होत नसेल तर कशाने होते? १९३९ मध्ये केंब्रिजचे फ्रँक बाउडन आणि टी. पी. ह्यूज यांनी याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख या उंचावरच्या संशोधन केंद्राजवळ, बर्फात कोरलेल्या गुहेत प्रयोग केले. त्यांचे म्हणणे असे, की पाणी दाबामुळे होत नाही, घर्षणामुळे होते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की उष्णता निर्माण होते आणि ती बर्फाचा अगदी वरचा थर वितळवते.

हेही हिशोबाने पाहता येते. आपल्या ३५० किलोंच्या गाडीचा घर्षणांक ०.१ धरला तर ती ओढायला सुमारे ३४० न्यूटन बल लागते. म्हणजे १ मीटर ओढल्यावर ३४० ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. १ ग्रॅम बर्फ वितळवायला लागणारा अप्रकट उष्मा सुमारे ३३४ ज्यूल आहे. सगळी उष्णता कामी आली तर दर मीटरला १ ग्रॅम पाणी! दोन पट्ट्यांखाली ते पसरले तर थराची जाडी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी होईल. वंगण म्हणून एवढे पुरे.

पण सगळी उष्णता कामी येत नाही. काही खालच्या थंड बर्फात जाते, काही पट्टीतून वर निघून जाते. बर्फ जितका थंड, तितकी गळती जास्त. म्हणून विल्सन यांच्या गाड्या अडल्या. पट्टी धातूची असेल तर तीही उष्णता भराभर ओढून घेते. बाउडन आणि ह्यूज यांना पितळेचे घर्षण एबोनाइटपेक्षा जास्त आढळले, कारण एबोनाइट उष्णतेचे मंदवाहक आहे. पोलाद बर्फाच्या सुमारे वीसपट चांगले उष्णतावाहक असते. आता इनुइट लोकांच्या मुलाम्याकडे पुन्हा पाहा. माती आणि बर्फ यांचा तो थर गुळगुळीत तर होताच, शिवाय उष्णता सहज निघून जाऊ देणाराही नव्हता. सूत्र मांडले गेले नव्हते, पण निरीक्षण अचूक होते.

खेळाच्या मैदानावर याच उष्णतेचे भांडण झाले. घसरगाडीच्या शर्यतींची सुरुवात स्वित्झर्लंडमध्ये झाली. १८८३ मध्ये दावोस ते क्लोस्टर्स या चार किलोमीटरच्या उतारावर पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. ऑस्ट्रेलियाचा एक विद्यार्थी आणि क्लोस्टर्सचा टपालवाला पेटर मिन्श असे दोघे सारख्याच वेळेत, ९ मिनिटे १५ सेकंदांत, पहिले आले. आज ल्यूज या शर्यतीत वेग ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जातो आणि निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठरतो. १९६८ च्या ग्रेनोबल हिवाळी ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या तीन महिला खेळाडूंना पट्ट्या गरम केल्याच्या आरोपावरून बाद ठरवले गेले. त्यांनी आरोप नाकारला. पण नियमाचे कारण उघड आहे. पट्टी आधीच गरम असेल तर सुरुवातीपासूनच पाणी तयार. म्हणून आजही शर्यतीपूर्वी पट्ट्यांचे तापमान मोजतात. आपल्या देशाचे शिव केशवन १९९८ ते २०१८ या काळात सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूज खेळले. घसरण्याचा बर्फाचा मार्ग जवळ नसल्यामुळे हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर चाके लावलेल्या गाडीवर त्यांनी सराव केला. जमिनीप्रमाणे गाडी बदलते, ती अशी.

तरी प्रश्न उरतोच

घर्षणाच्या उष्णतेने चालत्या गाडीचे कोडे बरेचसे सुटते. पण बर्फावर माणूस नुसता उभा राहिला तरी घसरतो. तेव्हा तर अजून घासणे सुरूच झालेले नसते. याचा धागा मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच दिला होता. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा पातळ थर असतो, असे त्यांनी सुचवले. वितळू लागलेले बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटतात, हा त्यांचा पुरावा. मधल्या काळात हा विचार बराचसा मागे पडला.

आत असलेल्या पाण्याच्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी धरून ठेवतात. पृष्ठभागावरच्या रेणूला वरून धरणारे कोणी नसते, म्हणून तो सैल असतो. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅम आणि माइन्त्स येथील संशोधकांनी वेगवेगळ्या तापमानांना बर्फावर पोलाद घासून घर्षण मोजले. या गटातही वाळूचा प्रयोग करणारे बॉन होते. उणे १०० अंशांना बर्फ जराही निसरडा नव्हता. तापमान वाढत गेले तसे सैल रेणू वाढले आणि घर्षण कमी झाले. उणे ७ अंशांच्या आसपास ते सर्वात कमी होते. त्याहून गरम बर्फ मऊ पडतो आणि पट्टी त्यात रुतू लागते. सैल रेणूंचा थर आणि घर्षणाची उष्णता यांचा वाटा नेमका कुठे किती, यावर अजूनही संशोधन चालू आहे. घसरगाडी दहा हजार वर्षांची असली तरी हा प्रश्न जुना झालेला नाही.

गाड्यांचे कामही संपलेले नाही. पर्यावरण रक्षणाच्या करारानुसार १९९४ मध्ये अंटार्क्टिकातून कुत्रे हलवण्यात आले, पण घसरगाड्या तिथेच आहेत. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र भारताच्या मोहिमा पाठवते. तिथल्या आपल्या मैत्री केंद्रासाठी पट्ट्यांवर चालणारी वाहने इंधन आणि सामान घसरगाड्यांवरूनच ओढत नेतात. मॅकमर्डो केंद्राहून दक्षिण ध्रुवावर इंधन नेण्यासाठी अमेरिकेचे ट्रॅक्टर मोठ्या प्लॅस्टिकच्या सपाट चादरी ओढतात आणि त्यांच्यावर इंधनाच्या पिशव्या ठेवलेल्या असतात. रुंद, चिवट आणि उष्णतेची मंदवाहक अशी ही चादर.

वर्गात बर्फाचा डोंगर आणता येणार नाही, पण वाळू आणता येईल. एका परातीत किंवा खोक्यात कोरडी वाळू सपाट पसरा. लाकडी ठोकळ्यावर दगड ठेवून ताणकाट्याने तो सावकाश ओढा आणि बल नोंदवा. मग वाळू वजन करून घ्या, तिच्यात शंभर भागांना एक भाग पाणी मिसळून पुन्हा ओढा. मग दोन भाग, तीन भाग, असे दहापर्यंत जा आणि आलेख काढा. बल सर्वात कमी कुठे येते? बारीक वाळू आणि जाड वाळू यांत तो बिंदू सरकतो का? ठोकळ्याची पुढची कड गोल केली तर काय होते? उत्तरे मुलांना आधी सांगू नका. आणि कोणी विचारले की बर्फावर गाडी का घसरते, तर दाबाचा हिशोब फळ्यावर त्यांच्याकडूनच करून घ्या.